हाइड

आमच्या वॉरिंग्टनात, मर्सीच्या काठी,
वासराचं कातडं ते स्किन, बैलाचं ते हाइड.
वजन वाढलं की नाव बदलायचं.
लपणं, तेही हाइड.
आणि कुणाची चामडी लोळवायची असेल
तर त्याच शब्दाला मागून एक शेपूट.
टॅनरीतल्याच कुणा दमलेल्या माणसानं
बनवली असावी ही भाषा,
नवा शब्द शोधायला ज्याला सवड नव्हती.

सन चौतीस. माझे वडील, अ‍ॅम्ब्रोझ पिलिंग, वय नऊ,
पातेल्यातल्या दुधावरची साय
बोटानं उचलून खाताना सापडले.
(साय म्हणजे आमच्याकडे दुधाची कातडीच.)
आजोबांनी कमरेचा पट्टा सोडला,
स्वतःच कमावलेला, चौदा महिने ओकच्या सालीत मुरवलेला.
"थांब, हायडिंग देतो तुला."
पोरगं कसलं थांबतंय.
अंगण, गल्ली, टॅनरीचा जिना, वरचा माळा,
जिथे दांडीवर ओळीनं बैल वाळत होते,
बैलांशिवाय.

हायडिंगच्या भीतीनं हाइडमध्ये हाइड केलं मी,
असं ते साठ वर्षं सांगत आले,
दर ख्रिसमसला, स्वतःच आधी हसत,
आणि आई दर वेळी त्याच जागी
चहा ओतायला उठायची.

पुढचं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं,
मला, गाडीत, बाहेर पाऊस नसताना
वायपर चालू ठेवून.
दोन कातड्यांच्या फटीतून त्यांना खाली बाप दिसला.
शोध सोडून कामाला लागलेला,
शर्ट काढून चुन्याच्या हौदावर वाकलेला.
पाठभर वळ. जुने, पांढरे, आडवे,
कुंपणाच्या तारेत अडकलेल्या बैलाचे ओरखडे
कमावल्यावर वर येतात, तसे.
टॅनरीत गिऱ्हाइकं अशा मालाचा भाव पाडायची.
म्हातारे कामगार म्हणायचे,
जनावर कसं जगलं
ते कातडं झाकत नाही.

"मग?" मी विचारलं.
"मग काय. भूक लागली. उतरलो.
मार खाल्ला."
"किती?"
"मोजून कमी," ते म्हणाले,
आणि वायपर बंद केले.

गावात त्यांना गेंड्याच्या कातडीचा म्हणत.
संपात शिव्या खाल्ल्या, टॅनरी बुडाली तेव्हा टोमणे,
अंगाला काही लावून घेतलं नाही.
अंगाला फक्त तो वास होता,
चुना, साल आणि ओलं जनावर,
बहात्तरला कुलूप लागलं, तरी कानामागे राहिलेला.
आणि हात कुणावर उचलला नाही कधी.
माझा भाऊ क्लेमंट यानं शेजाऱ्याची काच फोडली
तेव्हा वडील संध्याकाळभर
परसात नुसते उभे होते, हात खिशात घालून.

आता वॉर्ड सहा.
हृदयाचा झटका आला त्यातून ते वाचले ते,
इकडे म्हणतात तसं, दातांच्या कातडीवर.
"दातांना कुठली कातडी?" त्यांनी डॉक्टरला विचारलं,
कवळी शेजारच्या ग्लासात.

नर्स बर्नाडेट शीर शोधतेय.
चिकटपट्टी काढली की तिच्यासोबत
ते थोडेसे निघून येतात.
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं उरलंय कातडं,
खालचं सगळं दिसतं, निळं, जांभळं,
वाहणारं, थांबणारं.
सत्तर वर्षांनी लपायला
एवढीशीच जागा.

रात्री दूध आणलं. कोमट होत गेलं.
मी पेपर वाचायचं सोंग केलं.
त्यांनी कपावर सुरकुतणारी साय पाहिली,
मग दाराकडे पाहिलं,
नीट, दोन्ही बाजूंना,
आणि बोट बुडवलं.